बेचाळिसावी खुंटी

त्या राज्यात सगळे पोहणारे होते आणि पाण्यात कोणी उतरत नव्हते.

राज्य म्हणजे एक खोल डोह, त्याला तीन बाजूंनी वेढणारा कडा आणि चौथ्या बाजूचा उतरता काठ. तिथे राहणारी सगळी पाणमांजरे होती. त्यांच्या बोटांमध्ये पातळ पडदे होते. पाण्यात शिरताच त्यांचे कान आपोआप मिटत. अंगावरची लव इतकी दाट होती की कितीही खोल बुडी मारली तरी आतली कातडी कोरडी राही. हे सगळे जन्मतःच मिळालेले होते, म्हणून सामानघराच्या यादीत त्याची नोंद नव्हती.

सामानघर काठावर, कड्याला पाठ लावून उभे होते. त्याच्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली एका मेलेल्याचे नाव कोरलेले होते. फार पूर्वी एक पाणमांजर शेवाळात पाय अडकून बुडाले. सगळे रडत असताना बगळे आले आणि त्यांनी एक सुरी पुढे केली. म्हणाले, ही कमरेला असती तर आज तो तुमच्यात असता. पाणमांजरांनी मासे देऊन सुरी घेतली, मेलेल्याच्या नावाने खुंटीला टांगली आणि ठरवले की यापुढे बुडी मारणाऱ्याने सुरी बांधूनच उतरायचे. पुढे कोणी गढूळ पाण्यात वाट चुकून मेले, तेव्हा दिवा आला. कोणी गारठून मेले, तेव्हा रबराचा जाड पोशाख आला. पोशाखामुळे अंग तरंगू लागले म्हणून शिशाचा पट्टा आला. शिसे तळाशी खेचू लागले, त्यात एक गेला, म्हणून हवा भरून फुगवायचे जाकीट आले. एवढे ओझे ओढताना दम पुरेना, तेव्हा पाठीवर हवेची टाकी आली. टाकीच्या वजनाने आणखी दम लागू लागला, तेव्हा दुसरी टाकी आली.

कोणतीही वस्तू कधी कमी झाली नाही. एखाद्याच्या नावाची वस्तू न घालता उतरणे म्हणजे त्याला पुन्हा बुडवणे, असे तिथे मानले जाई.

खुंट्या एक्केचाळीस झाल्या, प्रत्येकीवर सहा जणांपुरते नग. सगळे अंगावर चढवायला सकाळपासून उन्हे कलेपर्यंत वेळ लागे. मग उजेड कमी झाला म्हणून सगळे उतरवले जाई. याला सराव म्हणत. सराव पाहायला पोराबाळांसकट सगळे जमत आणि घरी जाताना त्यांना फार सुरक्षित वाटे. बगळे गुडघाभर पाण्यात एका पायावर उभे राहून सूचना देत. त्यांना बुडी मारता येत नव्हती. अनुभव मात्र त्यांचाच मोठा समजला जाई.

डोहाच्या तळाशी कपारीत एक झरा होता. त्याच्या तोंडाशी गाळ साचला होता. तीन उन्हाळे पाणी हिरवे होत चालले होते, मासे पोट वर करून तरंगत होते, पिल्लांच्या अंगावर चट्टे उठत होते. गाळ काढायला उतरायचे, हे तीन वेळा ठरले. तिन्ही वेळा काही ना काही कमी आहे असे आढळले.

सामानघरात लव्हाळी नावाची एक पाणमांजर पट्टे आवळण्याचे काम करी. तिच्याइतकी घट्ट आणि भरभर गाठ कोणालाच मारता येत नसे. आयुष्यभर चामडे आणि बकले हाताळून तिच्या बोटांमधले पडदे सुकून चिरले होते. भिंगरी ही तिची एकुलती मुलगी.

एका संध्याकाळी भिंगरीने विचारले, "आई, झऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो?"

"सामान घालून?"

"नाही. नुसतं."

"नुसतं कोण जातं गं? डोकं फिरलंय का तुझं?"

"आजी जायची ना?"

"आजीच्या वेळी खुंट्या सातच होत्या," लव्हाळी म्हणाली आणि हातातला पट्टा दातांनी ओढून आवळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी नुसतीच गेली. काठावर काही जणांनी तिला पाण्यात शिरताना पाहिले आणि शरमेने मान फिरवली. थोड्या वेळाने कड्याच्या पोटातून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. मग सामानघराच्या मागच्या भिंतीतून ठोके ऐकू येऊ लागले. सलग तीन, मग थांबा, पुन्हा तीन.

भिंत आणि कपार एकाच कड्याची होती, त्यामुळे ठोके अगदी स्पष्ट येत होते. कपारीचे तोंड दगडाने बंद झाले आहे आणि भिंगरी आत छताशी साठलेल्या हवेवर जिवंत आहे, हे कोणाला सांगावे लागले नाही. ती हवा फार तर दुपारपर्यंत पुरेल, हेही म्हाताऱ्यांना ठाऊक होते.

सामानघराचा प्रमुख डोहाजी पायरीवर उभा राहिला. "कोणी घाबरायचं नाही," तो म्हणाला. "आपण इतकी वर्षं तयारी केली ती याच दिवसासाठी." हे ऐकून जमावात एक प्रकारचा आनंद पसरला. सहा पाणबुडे निवडले गेले. भोवर नावाच्या तपासनिसाने पहिल्या खुंटीपासून वस्तू उतरवायला सुरुवात केली.

सगळे जिला आजी म्हणत ती दात पडलेली कालवी काठावर बसली होती. ती ओरडली, "अरे, सहा जणांना कशाला सजवताय? वरात काढायचीय का?"

"आजी, तुम्ही गप्प बसा बघू," भोवर म्हणाला. "तुमच्या काळी लोक मरत होते."

"आणि आता काय करतायत रे, मुडद्या?"

लव्हाळी तोपर्यंत पाण्याच्या कडेपर्यंत पोचली होती. तिचा पुढचा पंजा ओला झाला होता. भोवर धावत आला आणि तिच्या आडवा उभा राहिला.

"मावशी, हे काय? बिनसामानाची एक अडकली. तुम्ही दुसऱ्या अडकलात तर सहा जणांनी कोणाला काढायचं?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्याइतकं भरभर कोण आवळतं सांगा. तुम्ही हात लावलात तर अर्ध्या वेळात होईल."

हे खरे होते. लव्हाळीला ते खरे आहे हे ठाऊक होते आणि म्हणूनच ती मागे फिरली.

तिने त्या सकाळी जसे पट्टे आवळले तसे कोणी कधी आवळले नव्हते. सुरी, दिवा, पोशाख, शिसे. प्रत्येक तीन ठोक्यांना ती एक बकल लावत होती. जाकिटे फुगवली गेली, टाक्या पाठीवर चढल्या, काचेचे मुखवटे पुसून पुन्हा पुसले गेले. बघणाऱ्यांनी तिचे हात पाहून तोंडात बोटे घातली. अठ्ठावीस खुंट्या रिकाम्या झाल्या तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

तेव्हा एका बगळ्याने मान लांब करून म्हटले, "सहाही जणांचा दिव्याचा पट्टा सुरीच्या पट्ट्याखाली गेला आहे."

सगळे थांबले. पट्टे मरणाच्या क्रमाने बांधायचे असत. सुरीवाला आधी मेला होता.

"मीच बांधलंय ते," लव्हाळी म्हणाली. "घट्ट आहे. राहू दे."

डोहाजी तिच्याजवळ आला. त्याचा आवाज खरोखरच कनवाळू होता. "लव्हाळीबाई, तुमचं दुःख आम्हाला कळत नाही का? पण ज्याच्या नावाची ती सुरी आहे, त्यालाही आई होती."

लव्हाळीने सहाही जणांचे पट्टे सोडले आणि पहिल्यापासून बांधायला घेतले. भिंतीतून तीन ठोके आले. सूर्य डोक्यावर आला. दोन ठोके आले. ती तिसऱ्याची वाट पाहत बकल धरून राहिली आणि तो आला नाही. मग बऱ्याच वेळाने एक आला.

त्यानंतर भिंत नुसती भिंत झाली.

"शांत झाली बिचारी," कोणीतरी म्हणाले. "घाबरली होती केव्हाची."

लव्हाळीच्या हातातून बकल सुटले. ती चालत काठावर गेली आणि पाण्यात शिरली. या वेळी तिला अडवायला सहा पाणबुडे पुढे सरसावले आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. त्यांना दोर बांधून ओढून काढावे लागले. दोर एकोणिसाव्या खुंटीचा होता. इतक्या वर्षांत त्याचा प्रथमच उपयोग झाला.

पाण्यात लव्हाळीचे कान आपोआप मिटले. चिरलेले पडदे झोंबले, पण ताणले गेले. तिच्या अंगाला सगळे आठवत होते. हिरव्या पाण्यातून खाली जाताना तिच्या नाकाला एका थंड, स्वच्छ धारेचा स्पर्श झाला. झरा वाहत होता. गाळ निघाला होता.

कपारीच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा तिचा अर्धाही श्वास खर्च झाला नव्हता.

दगड नारळाएवढा होता. तोंडाच्या खाचेत तो असा बसला होता की आतून ढकलला तर आणखी घट्ट व्हावा. बाहेरून मात्र नुसता बाजूला लोटायचा होता. लव्हाळीने एका पंजाने तो लोटला. दगडाच्या आतल्या बाजूला तिची बोटे एका खळग्यात गेली. दगड मऊ जातीचा होता. आत भिंगरी होती आणि तिच्या मुठीत झिजून वाटाण्याएवढी उरलेली गारगोटी होती.

लव्हाळीने मुलीला वर आणून काठावरच्या गवतात ठेवले. मग ती पुन्हा खाली गेली आणि तो दगड घेऊन आली. सामानघराच्या उंबऱ्यावर तिने तो ठेवला.

"हा होता," ती म्हणाली.

सगळ्यांनी दगडाकडे पाहिले. सहा पाणबुडे चिखलाने माखून, अंगावर अर्धवट बांधलेल्या वस्तू घेऊन उभे होते. त्यांनी पाहिले. बगळ्यांनी दुसरा पायही पाण्यात टेकवला. एका पिल्लाने स्वतःच्या बोटांमधले पडदे ताणून उन्हासमोर धरले आणि त्यातून लाल उजेड कसा दिसतो ते बघितले. त्याच्या आईने त्याचा हात खाली केला.

मग डोहाजी वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने दोन्ही हातांनी दगड उचलला आणि छातीशी धरला.

"भिंगरीचं नाव राहिलं पाहिजे," तो म्हणाला.

आठवड्याभरात डोहाचे पाणी निवळले. इतक्या वर्षांच्या तयारीला फळ आले, असे सामानघराच्या पायरीवरून जाहीर झाले आणि त्या दिवशी मोठा सराव ठेवण्यात आला. काठावर कालवी आजी एकटीच हसत होती. तिचे वय झाले आहे असे सगळे म्हणाले. लव्हाळी आली नाही. डोहाच्या मध्यावर कधीकधी एक गोल तरंग उठे आणि विरून जाई. यादीत तिच्या नावापुढे 'बिनसामान' असे लिहिले गेले.

बेचाळिसावी खुंटी इतर खुंट्यांपेक्षा जाड बसवावी लागली. तिच्याखाली नाव कोरले गेले. नियमही ठरला, की यापुढे बुडी मारणाऱ्या प्रत्येकाने भिंगरीच्या दगडाएवढा दगड गळ्यात बांधूनच पाण्यात उतरायचे. बगळ्यांनी दुसऱ्याच दिवशी तेवढ्याच वजनाचे दगड आणून दिले. मूळ दगड मात्र पहिल्या पाणबुड्यासाठी राखून ठेवला.

त्यात पट्टा ओवायला भोक पाडायचे होते. त्याला फार वेळ लागला नाही. अर्धे काम आतल्या बाजूने आधीच झालेले होते.