आधी कोण पिणार?

एका जंगलात एक खार राहायची. जीव मूठभर, पण जीभ हातभर! ऐन उन्हाळ्यात तिच्या पिल्लानं तहानेनं मान टाकली. खारीनं त्याला तोंडात धरलं नि सुसाट तळं गाठलं. बघते तर काय, काठावर ही गर्दी! हरणं, मोर, मुंगूस, रानडुक्कर, सगळे जिभा लोंबवत उभे. पाणी समोर, आणि पितंय कोण? कुणी नाही! म्हाताऱ्या हत्तिणीनं सोंड बुडवल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही, अशी रीत. आणि आज हत्तिणीचा पत्ताच नाही.

खारीनं पिल्लू पानावर ठेवलं. "डुक्करभाऊ, पोर चाललंय हो माझं! दोन थेंब घेऊ द्या की."

"अगं बाई, रीत आहे."

"कुणी घातली?"

"घालायला कुणी कशाला पाहिजे? आहे ती आहे! तसं माझं काही म्हणणं नाही, पण त्या हरिणीला नाही चालायचं."

खार टुणकन हरिणीपुढे. हरीण म्हणते कशी, "इश्श! मी कशाला अडवू? तो डुक्करच मोठा रीतीचा!"

"वा गं वा! तो तुला भितो, तू त्याला भितेस, आणि माझं लेकरू मरतंय!"

इकडे पिल्लाची तडफडही थांबली. मग कसली रीत नि कसलं काय! खारीनं डोळे मिटले आणि धप्पकन पाण्यात उडी! शेपटी भिजवली, बाहेर आली, पिल्लाच्या तोंडात पिळली. सगळ्यांनी श्वास रोखले. मोरानं तर पिसाऱ्यातच तोंड खुपसलं. आता आभाळ कोसळणार! कुठलं कोसळतंय? पिल्लू मिटक्या मारायला लागलं.

तेवढ्यात कडाड्कन बांबू मोडले. आली हत्तीण! खार पिल्लापुढे शेपटी उभारून ओरडली, "मी पाण्यात उतरले! पोराला पाजलं! काय करायचं ते करा!"

"सुटले गं बाई एकदाची!" हत्तीण म्हणाली. "मी उतरले की तळाचा गाळ वर येतो. तुम्हा बारक्यांना नितळ पाणी मिळावं म्हणून रोज बांबूंआड थांबते. पण तुम्ही मेले ढिम्म हलत नाही! शेवटी घसा सुकतो, मग मीच उतरते. आज म्हटलं, बघू कोण हरतं!"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग जी झुंबड उडाली म्हणता! सगळ्यांत पुढे डुक्कर. "मी तर कधीपासून हेच म्हणत होतो!" असं ओरडत त्यानं पाण्यात सूर मारला.

तात्पर्य : रीतीला स्वतःचे पाय नसतात, ती आपल्याच पायांवर उभी असते. म्हणून पोरांनो, लोक काय म्हणतील या भीतीनं अडाल, तेव्हा जरा नीट बघा. लोकही तुमच्याच तोंडाकडे बघत अडलेले असतात.