पालथी टोपली

“...पण दोघांत शहाणं कोण, बाबा? कुत्रं की मांजर?”

निवांतबाबा बाजेवर पडून होते. डोळे मिटलेले. प्रश्न ऐकून त्यांनी नुसता हुंकार भरला. भाकऱ्या झाल्या, असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी असाच हुंकार भरला असता.

नरहरीने प्रश्न पुन्हा विचारला.

खरं तर त्याला कुत्र्याचं काही पडलेलं नव्हतं आणि मांजराचंही नव्हतं. आत खुंटीवर त्याची पिशवी भरून टांगलेली होती. आज निघायचं, असं त्याने पहाटेच ठरवलं होतं. फक्त बाबांना सांगायची छाती होत नव्हती.

नरहरी एके काळी तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. चांगली नोकरी सोडून तो बालाघाटाच्या या उघड्याबोडक्या टेकडीवर, बाबांच्या मठात आला. वर्षभरात अनुग्रह मिळेल असा त्याचा अंदाज होता. बाबांनी कानात एक शब्द सांगायचा, एवढंच तर काम. टेकडीखालच्या वाडीत त्यानंतर पोरं जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली. बाबांचं ‘बघू’ काही संपलं नाही.

श्रीपती त्याच्याबरोबरच आला होता. तो लवकरच कंटाळून निघून गेला. आता शहरात त्याचं स्वतःचं बस्तान होतं, गाडी होती, शिष्यही होते. परवा वाडीतल्या एकाजवळ त्याने निरोप धाडला. अजून तिथंच बसलायस का? मी तेव्हाच हुंगून बघितलं होतं, तिथं काही नाही.

निरोप नरहरीला झोंबला. झोंबला, कारण रोज झऱ्यावरून पाणी वाहताना हेच त्याच्या मनात येत असे.

म्हणून त्याने चांद्या कुत्र्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली होती.

त्याचं म्हणणं त्याने बाबांपुढे रीतसर मांडलं. मांजर स्वतःच्या मनाचं मालक असतं. जिथं मिळतं तिथं राहतं, मिळेनासं झालं की उठून जातं. कुत्रं मात्र हाड म्हटलं तरी तिथंच. लोक त्याला इमान म्हणतात, पण ती अक्कल कमी असल्याची खूण असू शकते. वर्गात बोलायचा तसा तो बोलत राहिला, आणि बाबा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत राहिले. की झोपले होते, कोण जाणे.

“बोलून काय कळतंय?” शेवटी बाबा म्हणाले. “तू मास्तर हाईस. घे की परीक्षा.”

मठात एक रीत होती. स्वयंपाक उतरला की पहिला घास चांद्याला. तो खाईपर्यंत कुणी पान घ्यायचं नाही. दत्ताच्या दारातला कुत्रा, त्याचा मान पहिला. मांजरीला असा काही मान नव्हता. तिला बाबा सटवी म्हणत, आणि ती आपला मान आपणच चोरून घेत असे.

नरहरीने त्या दिवशी चांद्याचा घास, म्हणजे चांगली चतकोर भाकरी, अंगणात ठेवली. तिच्यावर वेताची टोपली पालथी घातली. टोपली हलकी होती, नाकाने ढकलली तरी सरकली असती. मग तो घागर घेऊन झऱ्याकडे गेला. चांद्या नेहमीसारखा त्याच्या मागे गेला. सटवी वळचणीला झोपली होती.

परत आल्यावर परीक्षा सुरू झाली.

सटवी आळस देत उतरली. टोपलीला एक फेरी घातली, कडेला नाक लावलं, पंजा चाटला. आणि सरळ जाऊन बाबांच्या पोटावर चढून झोपली.

चांद्यानेही टोपली हुंगली. मग तो टोपलीपुढे बसला आणि त्याने नरहरीकडे तोंड केलं.

बसला तो बसलाच.

नरहरी हिरमुसला. मांजरीने टोपली उलथावी, भाकरी पळवावी आणि आपल्याला जाण्याचा पुरावा द्यावा, अशी त्याची मनोमन इच्छा होती. ही तर एका फेरीतच दमली. आणि हा दुसरा ठोंब्या. समोरची टोपली सोडून माणसाच्या तोंडाकडे बघत होता.

ऊन माथ्यावरून कलायला लागलं. चांद्याने खाल्लं नव्हतं, म्हणून दोघा माणसांची जेवणंही राहिली होती. नरहरीच्या पोटात कावळे ओरडत होते. तो उठून ओसरीवर गेला, चांद्याची नजर ओसरीवर गेली. तो खांबाआड बसला, नजर खांबावर. त्या नजरेत मागणं नव्हतं, तक्रार नव्हती, पण ती हलत नव्हती. एवढंसं कुत्रं, आणि नरहरीला अंगावर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटायला लागलं. त्याला त्या कुत्र्याचा राग आला. खरंच आला.

“माझ्या तोंडाकडं काय बघतोस?” तो खेकसला. “माझ्या तोंडावर काही लिहिलंय का? जे आहे ते टोपलीखाली आहे!”

बाजेवरून खसखस ऐकू आली.

बाबा हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मांजर नाराजीने पोटावरून उतरलं.

“दमलास?” बाबांनी विचारलं.

“दमलो.”

“एका दुपारात...” बाबा म्हणाले.

नरहरी त्यांच्याकडे बघत राहिला. मग का कोण जाणे, त्याने पटकन नजर खाली वळवली. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ तो याच चेहऱ्याकडे बघत बसला होता. बाबा जेवताना, बाबा खोकताना, बाबा झोपलेले असतानासुद्धा. त्याला पहिल्यांदाच त्या बघण्याची लाज वाटली.

पण ठरलं ते ठरलं. तो आत गेला आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला लावून बाहेर आला.

बाबांनी पिशवी पाहिली. कुठं निघालास, असं विचारलं नाही. बाजेच्या खुराला धरून ते कष्टाने उठले, गुडघ्यावर हात ठेवत अंगणात आले, वाकले आणि त्यांनी टोपली उचलली.

खाली काही नव्हतं.

मुंग्यांची बरीच धावपळ होती. चार चुरे होते. बस.

“भाकरी?” नरहरी म्हणाला.

“म्या खाल्ली. तू पान्याला गेलास तवा. भूक लागली व्हती.”

“चांद्याचा घास... तुम्ही खाल्लात?”

“हं.”

हळूहळू नरहरीच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे सटवी दमलीच नव्हती. एकदा नाक लावलं, आत काही नाही हे ओळखलं आणि वेळ न दवडता निघून गेली. त्याला हवा होता तो पुरावा असा आपण होऊन त्याच्या पायाशी येऊन पडला होता. पण आनंद काही होईना. उलट जे बोलायचं नव्हतं तेच तोंडून गेलं.

“म्हणजे श्रीपती खरं बोलला होता.”

“व्हय,” बाबा शांतपणे म्हणाले. “त्याचं नाक चांगलं हाय.”

टेकडीवर वारा नव्हता. खाली वाडीत कुणीतरी गुरांना हाक मारत होतं. बाबा रिकामी टोपली हातात धरून उभे होते, आणि ते किती म्हातारे झालेत हे नरहरीला दिसत होतं. हा माणूस आपल्याला काही देणार नाही. देण्यासारखं याच्यापाशी काही नाहीच. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीला तो भ्यायला होता, ती अशी भर दुपारी उघडी पडली होती, आणि त्याला नुसता थकवा आला होता.

चांद्या अजून तिथंच होता. समोर टोपली नव्हती, भाकरी नव्हती. तो नरहरीकडे बघत होता.

“आणि हा मूर्ख,” नरहरी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “याला तेवढंही कळलं नाही.”

“कुत्र्याचं नाक मांजरापरीस तिखट. झऱ्यावरनं आल्या आल्या कळलं त्याला.”

“मग...”

पिशवीचा बंद खांद्यावरून घसरून कोपरात आला होता. नरहरीने तो वर ओढला नाही.

“मग दुपारभर बसला कशासाठी, बाबा?”

बाबांनी टोपली जमिनीवर ठेवली. पालथीच ठेवली. मग बाजेकडे वळता वळता म्हणाले,

“टोपली तू ठिवली व्हतीस.”