टिटवी आणि आकाशातला धोंडा

मुलांनो, तळ्याकाठच्या एका उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. जमिनीवरच चार खडे गोळा करते आणि त्यांत अंडी घालते. लोक म्हणतात, आकाश कोसळलेच तर पेलता यावे म्हणून ती पाय वर करून झोपते. त्यावरून माळावरचे प्राणी तिची टिंगल करत. "काय टिटवीबाई, काल आभाळ जड लागलं का?" असे कोल्हा रोज विचारी. टिटवी ते मनावर घेत नसे. तिची अंडी आता फुटायला आली होती आणि त्या आनंदात तिला दुसरे काही सुचत नव्हते.

एके दिवशी उंचावरून उडणाऱ्या करकोच्यांनी बातमी आणली. आकाशातून एक मोठा धोंडा येत होता आणि संध्याकाळी तो पृथ्वीच्या जवळून जाणार होता. "जवळून म्हणजे अंगावरच की!" कोल्हा ओरडला. झाले! राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो? हरणांनी चरणे सोडले, रानडुकराने कंद उकरणे सोडले आणि सगळे टिटवीकडे धावले. कालपर्यंत हसणारा कोल्हा हात जोडून म्हणाला, "बाई, तेवढे पाय वर करा. आमचा जीव आता तुमच्या पायांवर आहे!"

भीती टिटवीलाही वाटत होती. पण ती म्हणाली, "मी उताणी झाले तर अंड्यांना ऊब कोण देणार? आभाळाचं आभाळ बघेल."

संध्याकाळी खरोखरच एक तेजस्वी ठिपका आकाशात सरकू लागला. "आला, आला!" असे ओरडत हरणांचा कळप तळ्याकडे धावत सुटला आणि वाटेत नेमकी टिटवीची अंडी होती. पण टिटवी उडून गेली नाही. अंड्यांपुढे येऊन तिने पंख पसरले, पाय रोवले आणि ओरडून ओरडून सारा माळ डोक्यावर घेतला. पुढची हरणी दचकून बाजूला वळली आणि कळप अंड्यांच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. अंड्यांवर धूळ तेवढी बसली. वरचा धोंडाही आला तसा निघून गेला. तळ्यातले पाणीसुद्धा हलले नाही.

सकाळी अंड्यांतून ओली, ठिपक्याठिपक्यांची पिल्ले बाहेर आली. ती बघायला सगळे जमले. कोल्हा म्हणाला, "शेवटी तुम्हीच पाय वर करून धोंडा परतवलात ना?"

टिटवी हसली. "नाही हो कोल्होबा, धोंडा त्याच्या वाटेनं गेला. माझे पाय काल जमिनीवरच होते, म्हणून तर ही पिल्लं आज दिसताहेत."

पिल्लांना वाट देत, जपून पाऊल टाकत कालची ती हरणी चरायला गेली.

तात्पर्य : डोक्यावरून निघून जाणारे संकट काही बिघडवत नाही, त्याला भिऊन सैरावैरा धावणारे पाय मात्र घरटी तुडवतात, म्हणून आकाशाकडे जरूर बघावे, पण पाय जमिनीवर ठेवून.