शेवटच्या बाकावरचे डोळे

“प्रार्थना चालू असताना मधेच डोळे उघडणारा माणूस पाळक राहू शकतो का, बाबा?”

शांतवननं उभ्या उभ्याच विचारलं आणि राजीनाम्याचा कागद ओट्यावर ठेवला. गावचं चर्च त्याच्या हाती येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

ओट्यावर एलियाबाबा शेंगा सोलत बसले होते. त्याच चर्चचे जुने पाळक. शांतवनला बाराखडीपासून प्रवचनापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी कागद वाचला नाही. टरफलं टाकायला तो जवळ ओढला.

“का उघडलेस?”

“ज्याला हाक मारतोय तो समोर आहे का, ते बघायला.”

“मग?”

“सगळी मंडळी डोळे मिटून होती. पोरंसोरंसुद्धा. लबाड एकटा मीच...”

बाबांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला.

“चार वाजता सुवार्ताला माती द्यायची आहे,” शांतवन म्हणाला. “नऊ वर्षांची पोर. सकाळी रूथबाईंनी माझा हात धरून विचारलं, माझी लेक आता कुणाजवळ आहे? मी म्हणालो, येशूजवळ. बाबा, मला ठाऊक नाही हो. मला खरंच ठाऊक नाही.”

बाबांनी किडका दाणा टरफलांत टाकला.

“सगळ्यांचे डोळे मिटलेले होते म्हणतोस. आणि माझे?”

“तुम्ही शेवटच्या बाकावर, खांबाआड. तिथलं दिसत नाही.”

“उघडे होते.”

“कधीपासून?”

“माझ्या मार्थाला, तुझ्या काकूला पुरून आलो तेव्हापासून. एकोणीस वर्षं झाली.”

शांतवन चिडला. चिडणारच. लहानपणी प्रार्थनेत डोळे उघडे सापडले म्हणून त्यानं बाबांच्याच हातच्या टपल्या खाल्ल्या होत्या.

“तरी पुढं इतकी वर्षं आमच्यासमोर उभे राहिलात?”

“राहिलो.”

“काय दिसलं मग? तो दिसला?”

एलियाबाबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“माणसं दिसली. डोळे मिटलेली माणसं फार एकटी दिसतात रे.”

चर्चची घंटा सुरू झाली. मयतीची घंटा, थांबून थांबून एकेक टोला.

“मला नाही जमणार. तिथं खड्ड्याशी डोळे मिटले आणि पुढं शब्दच आला नाही तर? रूथबाई समोर असतील...”

बाबांनी मांडी झटकली आणि काठी घेतली. कागद टरफलांसकट ओट्यावरच राहिला.

“चल. मी रूथबाईजवळ उभा राहतो,” ते म्हणाले. “तू डोळे मीट. मी बघत राहतो.”