हसतं तळं

खडकवळ्याच्या वारसा उद्यानात तुम्ही आलात की आधी मोट बघता, मग तेलाचा घाणा, मग जात्यावर दोन मुठी दळून फोटो काढता. काढा, काही हरकत नाही. बाहुल्यांचा खेळ अकरा वाजता आहे आणि भोवऱ्यांच्या दालनात पोरांपेक्षा बापच जास्त रमतात, हे मी रोज बघतो. पण या सगळ्याच्या मधे हे जे तळं आहे, ते काही कुणी मांडून ठेवलेलं नाही. त्याच्याभोवती बाकीचं उद्यान उभं राहिलं. याला हसतं तळं म्हणतात. तळ्याला हसायला काय झालं, असं प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगतो. बसा बांधावर.

फार पूर्वी या गावाला पाणी नव्हतं. जमीन सगळी मुरमाड. गावाने मिळून हे तळं खोदलं, नदीकाठची चिकणमाती गाढवांवरून आणून तळाला पसरली. पावसाळ्यात तळं भरायचं आणि दिवाळीपर्यंत कोरडं व्हायचं. पाणी कुठे जायचं ते कळत नसे. माती होती, पण ती भेगाळून जायची. घरं एकेक करून रिकामी होऊ लागली.

गावचा पाटील रायाजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोठं बोलायची सवय. एकदा चैत्रात त्या पलीकडच्या टोकाला, शेंदूर लावलेल्या सात दगडांसमोर, म्हणजे साती आसरा या पाण्यातल्या देवींसमोर, तो सगळ्या गावादेखत नवस बोलला. ‘कोकरू देईन’ एवढं म्हणून भागलं असतं. मनात त्याच्या कोकरूच होतं म्हणे. पण चार माणसं ऐकतायत म्हटल्यावर त्याची जीभ सैल सुटली. तो म्हणाला, “आयांनो, माझ्या घरातलं हसतं-खेळतं घ्या, पण या तळ्यात पाणी ठेवा.”

जिभेला हाड नसतं ते असं. कोकरू खेळतं खरं, पण हसत नाही. पाटलाच्या घरात हसणारं आणि खेळणारं एकच होतं, त्याची नात सगुणा. सहा-सात वर्षांची पोर. बाप मोहिमेवर गेलेला, घरात आई भागू आणि हा आजा.

आसरांपुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, अशी तेव्हाची समजूत. घेतला तर गावावर कोप. जाणत्यांनी ठरवलं की वैशाखी अमावास्येला पोरीला माळ घालून तळ्याच्या मधोमध सोडायचं आणि मागे न बघता परत यायचं. पुढचं आसरा बघतील. रायाजीने अन्न सोडलं. पण ‘मी चुकलो’ हा एवढा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना.

अमावास्येच्या आदल्या दिवशी वळवाची सर पडून तळाशी चिखल झाला होता. सकाळी गाव बांधावर जमलं. सगुणाला नवं परकर-पोलकं घातलेलं, ती खुशीत होती. आणि तेव्हा भागूने, जिने सासऱ्यासमोर कधी मान वर केली नव्हती, डोईवरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर विचारलं.

“मामंजी, तुमी नेमकं काय बोलला व्हता?”

“हसतं-खेळतं देईन म्हनलो,” रायाजी कसाबसा म्हणाला.

“मंग माझी एकली पोर सोडून कसं भागंल? एकलं लेकरू कुटं हसतंय? एकलं लेकरू कुटं खेळतंय? मधी नेऊन सोडली का ती रडंल. रडतं दिलं तर नवस खोटा पडंल. हसतं-खेळतं द्यायचं आसंल, तर तिच्या जोडीला गावची समदी पोरं उतरवा.”

तिचं बोलणं चुकीचं आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते बरोबर होतं. पण आसरांच्या तोंडी आपलं लेकरू कोण देणार? सगळ्यांनी आपापली पोरं पोटाशी धरली. मला विचाराल तर त्यांचा राग येत नाही. तुम्ही आम्ही तरी काय केलं असतं?

मग परटाच्या घरची चिमा पुढे झाली. सगुणा आणि चिमाच्या दोघी मुली रोज एकत्र खेळायच्या. “पोरगी उद्या खेळायला आली न्हाई, तर माझ्या पोरींस्नी काय सांगू?” एवढंच म्हणाली आणि लुगडं खोचून दोघींचे हात धरून चिखलात उतरली. तिच्यामागे कुंभारवाडा उतरला, मग सुतार, मग सगळे. पोरांना एकटं सोडवेना म्हणून आईबापही उतरले.

पोरांना नवस-बिवस काय ठाऊक? त्यांना चिखलात लोळायला मिळालं आणि वर कुणी ओरडत नव्हतं. फुगड्या झाल्या, हुतूतू झाला, लंगडी झाली. सकाळपासून ऊन कलेपर्यंत सगळा तळ असा तुडवला गेला, की माती मळलेल्या कणकेसारखी झाली. रायाजी तेवढा बांधावर ताठ उभा होता. सगुणाने वर येऊन त्याचा हात ओढला. तो उतरला, घसरला आणि पागोट्यासकट आडवा झाला. मग सगुणा हसली, आणि मग, असं सांगतात, पाटील स्वतः इतका हसला की त्याला रडू आलं. चिखलात बसूनच त्याने सात दगडांना हात जोडले. “चुकलो, आयांनो,” तो म्हणाला. “माझ्या घरातलं हसतं-खेळतं हेच. पोचलं म्हना.”

खरी भीती पुढेच होती. दिवस मावळत आला. नेलेलं परत आणायचं होतं, आणि आसरा हातातलं सोडतात की नाही, कुणास ठाऊक. भागू बांधावर उभी राहिली. चिखलाने माखलेली पोरं सगळी सारखी दिसत होती, तिची तिलाच ओळखू येईना. तिने हाक मारली, “सगुणे, ये गं घरी.”

पोरांना तोही खेळच वाटला. सगळी एकदम ओरडली, “आले!” आणि सगळीच्या सगळी बांधाकडे पळत सुटली. आसरांनाही म्हणे शेवटपर्यंत कळलं नाही, की त्यातली पाटलाची कुठली.

त्या पावसाळ्यात तळं भरलं, ते पुढच्या वैशाखातही तळाशी हात-दोन हात पाणी राखून होतं. गेलेली घरं परत आली. हल्ली शहाणे लोक सांगतात, की तुडवलेली चिकणमाती पाणी धरते, त्यात नवल नाही. असेलही. पण ती तुडवायची बुद्धी भागूने त्या सकाळी बोलून दिली, एवढं मला पुरतं.

आजही वैशाखात पाणी ओसरलं की उद्यानाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम इथेच असतो. गावोगावची पोरं आईबापांना घेऊन येतात आणि तळ्याची ही कड तुडवतात. पोरांवर ओरडायला आईबापांना बंदी असते. दिवस मावळताना गावातली एखादी सून बांधावर उभी राहून सगुणाला हाक मारते, आणि चिखलातली यच्चयावत पोरं ‘आले’ म्हणतात. मुलगेसुद्धा. ‘आलो’ कुणी म्हणत नाही, कारण एक जरी वेगळा आवाज निघाला तर आसरांना माणसं ओळखू येतील. तेव्हा यंदा तुम्ही आलात आणि तुमचा मुलगा ‘आले’ म्हणाला, तर मेहरबानी करून त्याला दुरुस्त करू नका.