हिरवी खूण

“मग यात माझं काय चुकलं, सर?”

मुजावर सरांनी मेथीची जुडी सोडली आणि पानं खुडायला घेतली.

“पत्ता दिसायला बरोबर होता,” यशोधन पुन्हा म्हणाला. “माझ्या प्रोग्रामने तो तपासला होता.”

सरांनी पुढची काडी उचलली.

दस्तगीर मुजावर यांनी मिरजेत तीस वर्षं पोरांना प्रोग्रामिंग शिकवलं. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी त्यांच्या पडवीत येत, अडलेलं विचारत, चहा पिऊन जात. त्या सगळ्यांत यशोधन गव्हाणेसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सर हे मोकळेपणी सांगत. यशोधनलाही ते चांगलंच ठाऊक होतं.

आज तो अडलेलं विचारायला आला नव्हता. आपली बाजू बरोबर आहे, एवढं सरांच्या तोंडून ऐकायला आला होता.

झालं होतं असं.

गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात वर्षातून एकदा शिबिर भरे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लेकरांवर शस्त्रक्रिया करून आत ऐकण्याचं यंत्र बसवत. त्यासाठी एक सर्जन बाहेरगावाहून येऊन आठ दिवस राहत. मूल पाच वर्षांच्या आतलं हवं, अशी अट होती. वय वाढत गेलं की यंत्राचा उपयोग कमी होत जातो. तपासण्या आधी उरकत, आणि मग ज्यांची निवड झाली त्यांना तारीख कळवली जाई.

पूर्वी ही तारीख इंदुमती ढवळे कळवत. त्या रुग्णालयातल्या समाजसेविका. वही पुढ्यात घेऊन एकेका घरी फोन लावत, लागला नाही तर शेजाऱ्याला लावत. यंदा यशोधनने रुग्णालयाला वेबसाइट करून दिली आणि बाईंना सांगितलं, आता हा त्रास नको. फॉर्म भरला की नोंद होईल, तारीख ईमेलने जाईल. बाईंनी वही कपाटात ठेवली.

त्या फॉर्ममधला ईमेलचा रकाना हा यशोधनच्या खास अभिमानाचा विषय होता. पत्ता कसा दिसायला हवा याचे सगळे नियम चिन्हांच्या एकाच ओळीत बांधता येतात. येणारा प्रत्येक पत्ता संगणक त्या ओळीशी ताडून बघतो. प्रोग्रामर तिला रेजेक्स म्हणतात. यशोधनची ओळ चारशे दहा चिन्हांची होती. महिनाभर तो तिच्यावर खपला होता. पत्ता तिच्यात बसला की रकान्यापुढे हिरवी खूण उमटे, नाही बसला तर लाल अक्षरं. मित्र आले की तो ती ओळ उघडून दाखवी.

शिबिराच्या पाचव्या दिवशी, सकाळी, अलका खोत नावाची बाई रुग्णालयात आली. जतच्या पुढच्या एका गावाहून, लेकीला कडेवर घेऊन. मुलीचं नाव ईश्वरी. आमचं पत्र कधी येणार, एवढंच तिला विचारायचं होतं.

पत्र केव्हाच गेलं होतं. ईश्वरीची तारीख दोन दिवसांपूर्वीची होती. ती आली नाही म्हणून तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देऊन झाली होती.

ढवळे बाईंनी यशोधनला बोलावून घेतलं. त्याने नोंद उघडली. अलकाच्या भावाने तिला कागदावर पत्ता लिहून दिला होता. तालुक्याच्या सेंटरवर फॉर्म भरताना त्यातलं एक अक्षर टाइप करायचं राहून गेलं होतं. एका अक्षराने कमी, पण दिसायला कुठेच न खटकणारा पत्ता.

“हिरवी खूण आली होती,” अलका म्हणाली. “सेंटरवाल्या दादांनी दाखवली मला. म्हणाले, बघा ताई, बरोबर आहे.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. यशोधनने तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं की अक्षर राहिलं तर प्रोग्रामला ते कळायला मार्ग नसतो. ती मान हलवत राहिली. ईश्वरी त्याच्या खिशातलं पेन ओढत होती. मार्गशीर्षात तिला पाच वर्षं पूर्ण होणार होती.

तो तिथून निघाला तो थेट सरांकडे.

“ओळ दाखव,” सर म्हणाले.

यशोधनने लॅपटॉप उघडून समोर धरला. सरांनी हात पंच्याला पुसले, चष्मा लावला आणि ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. घाई न करता, एकेका कंसाशी थांबत.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.

यशोधनला बरं वाटलं. तो भराभर बोलू लागला. अजून काय काय घालता येईल ते त्याच्या डोक्यात तयार होतं. नेहमी होणाऱ्या चुकांची यादी करायची, ती ओळीत गुंफायची. सहाशे चिन्हं होतील, पण मग अशी गफलत पुन्हा व्हायची नाही.

सरांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला. त्यावर एकाखाली एक असे दोन पत्ते लिहिले आणि चिठोरं त्याच्याकडे सरकवलं.

“घाल तुझ्या फॉर्ममध्ये.”

यशोधनने पहिला घातला. हिरवी खूण.

दुसरा घातला. त्यात नावाच्या मध्येच वर एक स्वल्पविराम लटकत होता, इंग्रजीत आडनावांत असतो तसा. लाल अक्षरं आली... कृपया योग्य ईमेल पत्ता लिहा.

“हा चुकीचा आहे, सर.”

“फिलोमिना डिसोझा,” सर म्हणाले. “तुझ्या आधीच्या बॅचची, सावंतवाडीची. तिच्या आडनावात ते चिन्ह आहे, म्हणून पत्त्यातही आहे. आज सकाळीच तिचं पत्र आलंय.”

यशोधनने चिठोरं पुन्हा उचललं.

“आणि पहिला कुणाचा?”

“कुणाचाच नाही. आत्ता मनाने लिहिला.”

...

बाहेरून भंगारवाल्याची हाळी ऐकू आली आणि लांब गेली. सर पुन्हा मेथीकडे वळले होते. यशोधनला वाटलं, आता ते नियम सांगतील. कुठलं चिन्ह चालतं, कुठलं नाही. त्याने लॅपटॉप जवळ ओढून बोटं तयार ठेवली.

सरांनी विचारलं ते वेगळंच.

“तू पत्र पाठवतोस. ते पोहोचलं नाही तर परत येतं. ते कुठे येतं?”

“ज्या खात्यातून गेलं, त्याच खात्यात.”

“त्या खात्याचं नाव काय?”

यशोधनने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली आला. ते खातं त्यानेच काढलं होतं. लोकांनी उलट पत्रं लिहून रुग्णालयाला त्रास देऊ नये म्हणून त्याचं नावच ‘उत्तर देऊ नका’ असं होतं.

“शेवटचं कधी उघडलंस?”

त्याने ते एकदाही उघडलं नव्हतं. तिथे काही यायचंच नसतं, अशी त्याची समजूत होती.

“उघड,” सर म्हणाले.

पासवर्ड शोधायला त्याला वेळ लागला. मग खातं उघडलं. आत नऊ पत्रं होती. नऊच्या नऊ न वाचलेली. प्रत्येकात तेच, हा पत्ता अस्तित्वात नाही, पत्र पोहोचवता आलं नाही.

त्याने अलका खोतचं शोधलं. पाठवलं गेलं होतं अकरा दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजता. परत आलं होतं दहा वाजून दोन मिनिटांनी.

सकाळी त्या बाईला त्याने दहा मिनिटं सांगितलं होतं की प्रोग्रामला कळायला मार्ग नसतो... आणि अकरा दिवस ते पत्र इथे पडून होतं. नऊ घरांची पत्रं. कुणीतरी बघावं म्हणून आलेली.

त्याला सरांकडे बघवेना. सर मेथीच्या काड्या गोळा करत होते.

“शिबिराचे किती दिवस राहिले?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“मग इथे काय करतोयस?”

यशोधन पायात चप्पल सरकवून उठला. लॅपटॉप उघडाच काखेत मारून तो रुग्णालयाकडे चालू लागला, मग पळू लागला.

ढवळे बाईंना त्याने सगळं सांगितलं. खात्याचं नावसुद्धा. सांगायला जड गेलं, पण सांगितलं. बाईंनी त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. कपाट उघडून त्यांनी तपासण्यांच्या फाइली काढल्या. प्रत्येक फाइलवर फोन नंबर होता, तपासणीच्या दिवशी त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून घेतलेला. पाच घरं त्यांनी घेतली, चार त्याला दिली.

यशोधनने आजवर हजारो पत्ते तपासले होते. त्यातल्या एकाही माणसाशी तो फोनवर बोलला नव्हता. पहिला फोन लागला तेव्हा काय बोलावं हेच त्याला सुचेना. पलीकडे एक आजोबा होते. पत्र आलं नाही म्हणून आपलं नाव लागलं नसणार, असं ते धरून चालले होते. नाव लागलंय, असं यशोधनने सांगितलं. मग आजोबांनी सून कुठे आहे म्हणून कुणाला तरी मोठ्याने हाक मारली.

अलका खोत कुठे गेली नव्हती. ती रुग्णालयाच्या आवारातच झाडाखाली बसलेली सापडली. गावाकडची एसटी दुपारनंतर होती. यशोधन तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ताई, सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” तो म्हणाला. “कळायला मार्ग होता. मी बघितलं नव्हतं.”

तिने विचारलं, म्हणजे आता काय करायचं. त्याने सांगितलं, आता डॉक्टरांना भेटायचं.

नऊपैकी आठ घरं सापडली. त्यातल्या दोघांनी तोवर मुलाला दुसरीकडे नेलं होतं. उरलेल्या सहांत अलका तिथेच होती; बाकीचे पाच जण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येऊन पोहोचले, कुणी जीप करून, कुणी रात्रभराचा प्रवास करून. ढवळे बाई सर्जनांशी बोलायला गेल्या तेव्हा यशोधनही गेला. काय घडलं ते तिथेही त्यानेच सांगितलं. सर्जन चिडले. चिडून झाल्यावर त्यांनी परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं. चार मुलांची शस्त्रक्रिया झाली. दोघांना ताप होता, त्यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं. दोघंही अजून तीन वर्षांची होती, त्यामुळे ते चालण्यासारखं होतं.

ईश्वरी चौघांतली. तिचं यंत्र महिन्याने सुरू करणार होते. जाताना तिच्या डोक्याला बँडेज होतं आणि हातात यशोधनचं पेन.

पुढच्या रविवारी तो सरांकडे गेला. सर पडवीत दाढी करत बसले होते. त्याने काय काय बदललं ते सांगितलं, पूर्वीसारखं मोठ्याने नाही. चारशे दहा चिन्हांची ओळ त्याने काढून टाकली होती. मधे ॲटचं चिन्ह आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी लिहिलंय, एवढंच आता फॉर्म बघत होता. फिलोमिनाचा पत्ता चालत होता. फॉर्म भरला की लगेच एक छोटं पत्र जाई आणि समोरच्याने त्यातल्या दुव्यावर बोट ठेवलं तरच हिरवी खूण उमटे. दोन दिवसांत कुणी बोट ठेवलं नाही, की ते नाव ढवळे बाईंकडे जाई. बाई फोन करत. ‘उत्तर देऊ नका’ हे खातं बंद झालं होतं. परत येणारं प्रत्येक पत्र आता बाईंना दिसे आणि त्यालाही.

सर ऐकत होते. वस्तऱ्याला लागलेला फेस त्यांनी वाटीत झटकला.

“एक घर राहिलं, सर.”

“कुणाचं?”

“म्हाळू कोळेकर. मुलगा तीन वर्षांचा, बिरू नाव. मेल परत येते. फोन बंद आहे, बाईंनी सहा वेळा लावला, मीही लावला. पुढच्या शिबिरासाठी त्याचं नाव धरून ठेवलंय. पण त्यांना सांगायचं कसं? त्यांचा पत्ताच लागत नाही.”

“गावाचं नाव नाही लिहिलंय फॉर्मवर?”

“आहे. नागजच्या पुढची एक वाडी. पण ती मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, सर. गेलो तरी घरी भेटतीलच असं नाही.”

सरांनी पंचा पाण्यात बुडवला, पिळला, गाल पुसले. मग पंचा दोरीवर नीट पसरून टाकला...

“नागजची गाडी कितीला आहे?”