सुकायला लागणारा वेळ

“दोन्हींत जनुकं तीच. मग ह्या अळ्या जगल्या आणि ह्या का मेल्या, बाई?”

उपेंद्रने दोन्ही काचेच्या डिश पद्मजाबाईंसमोर सरकवल्या.

तो मंगळवार इतर कुठल्याही दिवसासारखाच होता. डासासारख्या एका किड्याच्या अळ्या सुकवायच्या होत्या. एका डिशवर त्याने झाकण ठेवलं. तिच्यातलं पाणी दोन दिवसांत हळूहळू जाणार होतं. दुसरी हातात असतानाच फोन आला. मृण्मयीच्या स्कूटरला ट्रकने उडवलं होतं. डिश पंख्याखाली उघडीच टाकून तो धावला.

आज, बायकोचं तेरावं उरकून, त्याने दोन्हींत पाणी घातलं होतं. एकीतल्या अळ्या वळवळू लागल्या. दुसरीतल्या नाहीत.

“यावर पेपर लिहिलायस तू,” बाई म्हणाल्या. “केवढा मिरवत होतास! आता मला विचारतोस?”

“तुम्ही सांगा.”

बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज प्रयोगशाळेत येत. नवरा गेल्यापासून घरी कुणी नव्हतं.

“पाणी सावकाश गेलं, की पेशीला सुगावा लागतो,” त्या म्हणाल्या. “एक जनुक जागं होतं, ते बाकीच्यांना उठवतं. पाण्याच्या जागी साखर भरते, तिची काचेसारखी घट्ट वडी होते. आत सगळं जिथल्या तिथे थांबून राहतं.”

“आणि हिच्यात?”

“जनुकं होती की. उठायला वेळ मिळाला नाही.”

उपेंद्र मेलेल्या अळ्यांकडे बघत राहिला.

“मलाही नाही मिळाला... सकाळी ती म्हणाली, गीझर बंद कर. मी हो म्हटलं. बस.”

बाईंनी ती डिश बाजूला सरकवली.

“तुमचं बरं होतं, बाई. काका दोन वर्षं अंथरुणावर होते. तुमची तयारी झाली असेल.”

बोलून गेल्यावर त्यालाच ते टोचलं. पण शब्द मागे घ्यावेत असं काही त्याला वाटेना. दोन वर्षांतला एक दिवस मिळाला असता, तरी त्याला चाललं असतं.

बाईंनी टेबलावरचा दिवा मालवला. अळ्या दिसेनाशा झाल्या, जगलेल्याही, मेलेल्याही.

“रागावलात?”

“नाही रे.”

“मग सांगा ना... दोन वर्षं काय बोलायचात तुम्ही दोघं?”

“गोळ्या घेतल्या का. खिडकी लावू का. दूध गरम करू का...”

“आणि?”

“तुम्ही गेल्यावर मी कशी राहू, हे विचारायचं राहिलं.”